थॉर्नबीला दोन मिनिटं

लीड्स ते ब्रिस्टल, अख्खं तिकीट : एकशे बारा पौंड चाळीस.
लीड्स ते थॉर्नबी : एकतीस.
थॉर्नबी ते ब्रिस्टल : बेचाळीस पौंड दहा पेन्स.
बेरीज तुम्हीच करा.
गाडी तीच, डबा तोच, खुर्ची तीच,
खुर्चीच्या हातावरचा कॉफीचा डागसुद्धा तोच.
अट एवढीच, की गाडी थॉर्नबीला थांबली पाहिजे
दोन मिनिटं,
कुणी उतरो न उतरो.

बाजारात सगळीकडे उलटं असतं.
अंडी डझनानं घ्या, बटाटे पोत्यानं घ्या,
दुकानदार वर दोन टाकतो.
आमच्याकडे मात्र अख्खं मागणाराच नागवला जायचा.
सत्तावीस वर्षं मी हे काचेच्या आतून बघितलं
आणि नियम पाळला :
गिऱ्हाईक मागेल ते द्यावं,
मागितलं नाही ते बोलू नये.
आमचे साहेब, प्रॉसर, म्हणायचे,
"पार्जेटर, आपण अंतर विकतो. अक्कल नाही."

वर्लीन पिनॉक एकाआड एक शुक्रवारी यायची.
इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी,
बोटांच्या पेरांवर साबणानं पडलेल्या भेगा.
भाऊ ब्रिस्टलला, अंथरुणाला खिळलेला.
नोटा अशा द्यायची, जणू आत्ताच इस्त्री फिरवलीय त्यांच्यावर.
"अख्खं द्या," म्हणायची,
आणि मी अख्खं द्यायचो.

एकदा राहवलं नाही.
प्रॉसर माझ्या मागेच उभे होते, चहाचा कप घेऊन,
म्हणून तोंड उघडलं नाही.
तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला :
थॉर्नबी.
वाटलं, एवढं पुरे. शहाण्याला शब्दाचा मार.

पुढच्या खेपेला ती काचेला नाक लावून हसली.
"बघितलं हो तुमचं थॉर्नबी! खिडकीतूनच बघितलं.
एक बाक आहे. कुंडीत लाल जिरेनियम.
तुमचं गाव का?"
रांगेत मागे अकरा माणसं.
मी म्हणालो, "हो."

हो म्हणालो मी.
त्यानंतर दर खेपेला ती मला माझ्या गावची खबर द्यायची.
बाक हिरवं रंगवलंय.
एक बोका आलाय, एका कानाचा,
फलाटावर स्टेशन मास्तरासारखा फिरतो.
जिरेनियम गारठलं, पण मुळाशी कोंब आहे, काळजी नको.
आणि मग नोटा सरकवायची. अख्खं.

सहा वर्षं.
नुसत्या जाण्याचा फरक मी एका रात्री मांडून पाहिला :
सहा हजार एकशे तीस पौंड, ऐंशी पेन्स.
परतीचा हिशेब करायचा धीर झाला नाही.

मग एका शुक्रवारी ती आली नाही.
त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही.
भाऊ गेला असेल. किंवा तीच.
काचेतून पत्ता कोण कुणाला देतं?
वर्षभरात खिडकीही बंद झाली,
तिथे आता यंत्र आहे, तेही विचारतं : कुठून? कुठे?
मधलं काही विचारत नाही.

आज मी ब्रिस्टलला निघालोय. काम काही नाही.
खिशात दोन तिकिटं.
तपासनीस पोरगी म्हणाली, "तुम्हाला बरं माहीत हो आजोबा!"
कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

थॉर्नबी.
दार उघडलं. थंड वारा आत आला, कुणी उतरलं नाही.
बाक आहे. राखाडी, लोखंडी,
ज्याला जन्मात कधी रंग लागलेला दिसत नाही.
कुंडी नाही. कुंडीचा गोल डागही नाही फरशीवर.
मी पलीकडच्या खिडकीशी जाऊन पाहिलं, परत आलो,
पुन्हा पाहिलं.

दार मिटायला लागलं तरी मी त्या फलाटावर
एका कानाचा बोका शोधत होतो.